ती खलनायिका डोंबिवलीचीच

मराठीत तो उडणाऱ्या मुलीचा सिनेमा आला, त्याचे बघता बघता तीन भाग झाले, आणि तिसऱ्या भागात तिची स्वतःची गुरूच तिच्यावर उलटली. कल्याणचा पत्री पूल दोरीने उचलून खाडीत बुडवणारी, अर्ध्या ठाण्याला उलटं टांगणारी, पोरांना झोपेत दचकवणारी ती खलनायिका म्हणजे मी. हे आधीच सांगून ठेवते, कारण ठाण्यात नौपाड्याला एक मॅडम राहतात आणि त्या सगळीकडे सांगत सुटल्यात की ती खलनायिका म्हणजे त्या.

सिनेमात काम मी केलेलं नाही. काम एका नटीने केलंय, बरं केलंय, पोट जरा जास्तच आत आहे तिचं, पण चालायचं. मी म्हणते ते वेगळं. ज्या मुलीने तो सिनेमा लिहिला आणि त्यातल्या उड्या नि मारामाऱ्या बसवल्या, ती दोरीचा मल्लखांब माझ्याकडे शिकली. पुढे नौपाड्याच्या मॅडमकडे गेली. मग लिहायला बसली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर दोघींपैकी कोण होती, हा प्रश्न डोंबिवली आणि ठाण्याच्या मधे मुंब्र्याच्या डोंगरासारखा उभा आहे. डोंगर निदान पावसाळ्यात हिरवा तरी होतो.

आमची मूळची मिठागरं. आता तिथे इमारती आहेत आणि त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर माझा क्लास आहे. मिठागरावर या बांधावरून त्या बांधावर हाक पोचायला हवी, म्हणून आमच्या घरात कोणी हळू बोललं तर त्याला ताप भरलाय असं समजून कपाळाला हात लावायचे. माझा आवाज त्या घराण्यातला. मी डोंबिवली पूर्वेला ‘पाय ताठ’ म्हणून ओरडले की पश्चिमेला दुधाच्या रांगेतली माणसं ताठ होतात. दोरीवर चढायलाही मी कुठल्या जिमखान्यात शिकले नाही. मिठाच्या होडीची दोरी वडिलांनी जांभळाच्या झाडाला टांगली आणि म्हणाले, जेवायच्या वेळेला उतर.

दोरीचा मल्लखांब ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. छताच्या हुकाला एक सुती दोरी, खाली गाद्या. मुलीने पायाच्या अंगठ्यात दोरी धरून वर जायचं आणि तीच दोरी मांडीला, कमरेला लपेटत हवेत आसनं करायची. गाठ कुठेच मारायची नाही. गाठ म्हणजे तिचं अंग.

ही मुलगी आली तेव्हा एवढीशी होती, माझ्या टिफिनच्या डब्यात मावली असती. पहिल्याच दिवशी चढली ती उतरेचना. मी खाली चहा घेतला, दुसऱ्या बॅचच्या मुली येऊन गेल्या, तिची आई वरणभात घेऊन आली, आणि ही वर पालीसारखी चिकटलेली. मी तेव्हाच ओळखलं की ही माझी.

शिकवताना मी फार बोलत नाही. हसू नका. बाहेर काय बोलायचं ते बोलते, पण दोरीखाली एकच शब्द. परत. पडली, परत. जमलं, तरी परत. फार छान जमलं तर जरा हळू आवाजात परत. तिने त्या शब्दावर दहावीपर्यंतची सगळी वर्षं काढली. मग ठाण्याला कॉलेज लागलं आणि कॉलेजच्या वाटेवर नौपाडा लागला.

नौपाड्याच्या मॅडम उंच, सडपातळ. स्टार्चची सुती साडी, चष्म्याला साखळी. रागावल्या तरी ‘अगं राणी’ म्हणून रागावतात. त्यांच्या क्लासातली दोरीसुद्धा इस्त्री केल्यासारखी पांढरी असते. मी ‘परत’ म्हणते तिथे त्या म्हणतात, ‘पुन्हा एकदा, बाळा.’ अगदी पुण्याकडचं. आम्ही दोघी स्पर्धांना पंच म्हणून शेजारी शेजारी बसायचो. मी गुण द्यायचे. त्या गुण प्रदान करायच्या.

त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नव्हतं. निदान पहिला भाग येईपर्यंत नव्हतं.

पहिल्या भागात ती मुलगी डोंबिवलीच्या गच्चीवर रडत बसलेली असते आणि तिला गुरू भेटते. गुरूच्या अंगावर सुती साडी. चष्म्याला साखळी. गुरू तिला एक जादूची दोरी देते, ती आकाशात फेकली की अडकते. नेमकी कशाला अडकते हे तिन्ही भागांत कोणी विचारलेलं नाही. मुलगी पडते, गुरू मंद हसते आणि म्हणते, पुन्हा एकदा, बाळा. माझ्या मागच्या रांगेतली बाई नवऱ्याला म्हणाली, अय्या, या तर आपल्या नौपाड्याच्या मॅडम.

मी तो सिनेमा इतक्यांदा पाहिला की तिकीट फाडणारा मला त्या उडणाऱ्या नटीची आई समजायला लागला. स्वतःला शोधत होते. कुठेतरी असेन ना? इतकी वर्षं डोक्यावर ओरडले, एखादं झाड म्हणून तरी घेतलं असेल. शेवटी सापडले. मुलगी पहिल्यांदा हवेत उडते तेव्हा खाली बाजारात एक जाडी बाई हातातली मासळीची पाटी टाकते आणि ‘अगो बाय’ म्हणून किंचाळते. कॅमेरा तिच्यावर डोळ्याची पापणी लवेपर्यंत. शिंक आली तर तेवढीही हुकायची.

त्या वर्षी नवरात्रात मी टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलेले. बाजूच्या मांडवात नौपाड्याच्या मॅडमचा सत्कार चालू होता. शाल, नारळ आणि माईकवाल्याचं भाषण: पडद्यावरच्या गुरूची खरी गुरू आपल्या ठाण्यात आहे. मीही टाळ्या वाजवल्या. फक्त एका हाताने दुसऱ्या हाताच्या मागच्या बाजूवर वाजवल्या, त्यामुळे आवाज झाला नाही. तेव्हापासून मला कोणाच्याही अंगावर सुती साडी दिसली की पित्त उसळायला लागलं. डॉक्टर म्हणाले तिखट बंद करा. मी म्हटलं, डॉक्टर, स्टार्च बंद करायला सांगा.

दुसऱ्या भागात गुरू त्या मुलीला वाचवायला आगीत शिरते आणि बाहेर येते तेव्हा साडीची घडीही मोडलेली नसते. माझं वजन त्या आठवड्यात इतकं उतरलं की क्लासमधल्या मुली मला ओळखेनात. बरं, थोडंसंच उतरलं. पण उतरलं.

ती लिहिणारी मुलगी काही मला विसरली नव्हती. दिवाळीला मेसेज यायचा, दिव्याचं चित्र आणि खाली ‘बाई, नमस्कार’. मी उलट अंगठा पाठवायचे. सिनेमाबद्दल मी विचारलं नाही आणि तिने काढलं नाही.

मग एके दिवशी क्लासमधली एक आई भाजी निवडता निवडता म्हणाली, तिसऱ्या भागात गुरू व्हिलन होते म्हणे. कोथिंबिरीची जुडी माझ्या हातातून पडली. ठाण्याची आदर्श गुरू, शाल-नारळवाली, ती गावासमोर नागवी होणार. त्या संध्याकाळी मी मुलींना लवकर सोडलं आणि मुली घाबरल्या, कोणी गेलं की काय.

सिनेमा लागला त्या पहिल्याच रविवारी मी क्लासच्या सगळ्या आयांना घेऊन कल्याणच्या थिएटरात गेले. हिशेब सरळ होता. दुसऱ्याची बदनामी व्हायची तर साक्षीदार भरपूर हवेत.

मध्यंतराच्या जरा आधी तो प्रसंग येतो. त्या मुलीचं एवढं नाव झालेलं असतं की लोक गुरूला विसरलेले असतात. गुरू गच्चीवर एकटी. ती चष्मा काढते, साखळीसकट खाली टाकते. साडीचा काष्टा मारते. मांडीवर थाप मारते. आणि जो आवाज काढते तो आवाज, देवाशप्पथ, मिठागराच्या या बांधावरून त्या बांधावरचा. मुलगी समोर येऊन उतरते तर ही म्हणते, “परत.” मुलीला वाटतं, जुनीच तालीम आहे, ती परत उडी मारून दाखवते. “परत,” ही म्हणते. मुलगी परत मारते, दमते, धापा टाकते. आणि तिसऱ्यांदा शब्द तोच येतो पण त्याचं तोंड फिरलेलं असतं. “मी शिकवलं ते सगळं. परत दे.”

मध्यंतराचे दिवे लागले. बघते तर रांगेतल्या सगळ्या आया पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघतायत. एकजण पॉपकॉर्नचा हात तसाच ठेवून म्हणाली, “बाई, ओ, या तर तुम्हीच की.”

अशा वेळी माणसाला राग यायला हवा. वाईट वाटायला हवं, डोळ्यांत पाणी वगैरे. मला काय वाटलं सांगू? आले एकदाची. पाटी टाकणारी नाही, अख्खी. चालणं माझं, ओरडणं माझं, कमरेला खोचलेला नॅपकिन माझा. मध्यंतरानंतर मी पत्री पूल उचलला तेव्हा थिएटरातलं अख्खं कल्याण हळहळलं, किती वाट बघून मिळालेला पूल तो. मी मात्र आयांना कोपराने ढोसत होते: पकड बघा, पकड बघा. शेवटी मुलगी मधली दोरी तोडते आणि खलनायिका खाली खाली खाडीत पडते. पडताना सुद्धा पाय ताठ. आमच्याकडे असंच पडतात.

मग काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. लोकांनी त्या नायिकेला बाजूला ठेवलं आणि खलनायिकेला डोक्यावर घेतलं. टी-शर्टवर ‘परत’. रिक्षांच्या मागे ‘परत’. दहीहंडीला थर कोसळला की खालचा जमाव एका सुरात, परत. माझ्या क्लासात नवीन मुलींची एवढी रांग लागली की तिचं शेपूट पार कल्याणपलीकडे खडवलीला टेकलं असतं. मी चालताना लोक बाजूला व्हायचे, आदराने किंवा भीतीने, मी चौकशी केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला ठाण्यातल्या कोणाची असूया वाटत नव्हती.

हे सुख आठवडाभर टिकलं असेल. मग एका आईने मोबाईल समोर धरला. नौपाड्याच्या मॅडमची कुठल्याशा यूट्यूब चॅनलवर मुलाखत. चष्मा नाही. त्या म्हणत होत्या, पात्र एकच आहे, पहिल्या भागापासून ते माझ्यावरूनच बेतलेलं आहे, त्यामुळे तिसऱ्या भागातली खलनायिकासुद्धा ओघानेच मी.

ओघानेच.

मी तशीच उठले आणि ठाणे गाठलं. त्यांचा क्लास पहिल्या मजल्यावर. मी जिन्यातच थांबले. वरून त्यांचा तो साजूक तुपातला आवाज येत होता: “परत, बाळा. परत.”

मी दारात उभी राहिले. मुलींनी मला पाहिलं आणि दोरीवर होत्या तिथेच गोठल्या.

“अहो मॅडम, हा शब्द कधीपासून?”

“कोणता हो?”

“आत्ता म्हणालात तो.”

“शब्द काय कोणाच्या मालकीचा असतो, बाई? मराठीच आहे.”

“तुमचं मराठी वेगळं आहे. तुम्ही गुण प्रदान करता.”

त्यांनी मुलींना पाणी प्यायला पाठवलं आणि मला खुर्ची दिली. खुर्चीवर पांढरा अभ्रा होता. मी मुद्दाम रेलून बसले.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “पहिल्या भागातली गुरू मी, हे सगळ्या ठाण्याला मान्य आहे. टेंभी नाक्यावर तुम्हीही टाळ्या वाजवल्यात, मी पाहिलं स्टेजवरून. मग माणूस मध्यंतरात बदलतो का? नुसता चष्मा काढला म्हणून मी मी राहत नाही?”

“चष्मा काढल्यावर तुम्हाला दोरी तरी दिसते का?”

“काष्टा मलाही घालता येतो.”

“घाला बघू.”

त्यांनी घातला नाही. स्टार्चच्या साडीला काष्टा बसत नाही, फडफडतो. पण त्यांचे कान लाल झालेले, आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई गुरू म्हणून शाल घेऊन बसली होती तरी तिला खलनायिकाच व्हायचं होतं. सगळं ठाणे जिला चांगली म्हणतं तिला आयुष्यात एकदा पूल उचलावासा वाटला तर मी समजू शकते. पण तो पूल माझा होता.

मी म्हटलं, चला, त्या मुलीलाच विचारू, एकदाचा निकाल लागू दे.

“विचारा की,” मॅडम साडीची निरी सारखी करत म्हणाल्या. “रविवारी सकाळी येतेय ती. इथे. कालच फोन आलेला.”

इथे. मला फोन नाही. मला दिव्याचं चित्र.

रविवारी मी नौपाड्याला पोचले तेव्हा दूधवाला अजून यायचा होता. मॅडमच्या घराची बेल वाजवली. दार उघडलं तर मॅडम गाऊनवर, केसांना तेल थापलेलं, स्टार्चचा कुठे मागमूस नाही. तेवढ्यावरच माझं अर्धं पित्त शमलं. मी म्हटलं, म्हटलं मदत करावी तुम्हाला. त्या म्हणाल्या, कसली? मी म्हटलं, वाट बघायला.

खरा मुद्दा दोघींनाही माहीत होता. मुलगी येणार, आपल्या पद्धतीप्रमाणे वाकून नमस्कार करणार. पहिला नमस्कार कोणाला, त्यात सगळा निकाल होता. मग तिला विचारायचीसुद्धा गरज नव्हती. मॅडम साडी नेसून आल्या आणि सहज म्हणून खुर्ची दाराजवळ सरकवून बसल्या. मी सहज म्हणून खुर्चीच्या पुढे जाऊन उभी राहिले. त्यांना मागे हवा लागेना, त्या उठल्या आणि दाराची कडी नीट लागते का ते बघायला माझ्या पुढे आल्या. मग मला पायपुसणं वाकडं दिसलं. बेल वाजली तेव्हा आम्ही दोघी दाराला इतक्या चिकटून होतो की दार आत उघडेना. आधी कोणी मागे व्हायचं यावर बाहेर तिला जरा थांबावं लागलं.

शेवटी दार उघडलं. ती उंबऱ्याबाहेर उभी होती. चौकट एका हाताने धरलेली, कमरेला डॉक्टरी पट्टा. आमच्याकडे पाहिलं, दोघींच्या चार पायांकडे पाहिलं, आणि जागची हलली नाही.

“वाकता येत नाहीये,” ती म्हणाली. “कंबर गेलीय.”

तिने तसेच हात जोडले. नेमके आम्हा दोघींच्या मधे. सुतार आणून सूत धरलं असतं तरी तो नमस्कार कोणाच्या बाजूला एक केसभर सरकला नसता.

मग आम्ही दोघी एकदम सुटलो. मी म्हटलं, गुबगुबीत गाद्यांवर शिकवलं की कंबर अशीच नाजूक होते. मॅडम म्हणाल्या, लहानपणी जनावरासारखं राबवून घेतलं की पुढे अशीच जाते. मी म्हटलं, माझ्याकडे होती तोवर कंबर लोखंडाची होती. त्या म्हणाल्या, लोखंडच गंजतं. भांडता भांडता एकीने एक दंड धरला, दुसरीने दुसरा, आणि तिला आत आणून सतरंजीवर पालथी झोपवली. मॅडमनी तेल कोमट करून वाटीत आणलं.

पालथ्या माणसाला चेहरा लपवता येतो, तोच तिने लपवला. मी विचारलं, कशी गेली?

“शेवटी खलनायिका पडते ना खाडीत. नटीला जमेना. ती मी पडलेय, बाई. साडी नेसून, काष्टा मारून.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

“मग आता सांगच,” मी म्हटलं. “ती मी ना?”

ती सतरंजीतच बोलली. “तुमच्याकडचा शेवटचा दिवस होता. आईने तुम्हाला पेढे दिले. मी चपला घातल्या. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्ही, बाई. मी बाहेर पायऱ्यांवर थांबलेले. वाटलं, आता हाक येईल. नाही आली. मग नंतर बरीच वर्षं मी विचार करायचे, बोलल्या असत्या तर काय बोलल्या असत्या. तेच लिहिलं.”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मी सगळ्यांना आजवर सांगत आलेय की तेव्हा पेढा तोंडात होता. पेढा एवढा मोठा नसतो. जे तोंडात होतं ते तिने अक्षर न बदलता लिहून काढलं होतं, मला न विचारता. कशी कळली असतील पोरीला ती अक्षरं?

मॅडम साडीच्या पदराने चष्मा पुसत होत्या. पुसून झाल्यावर अगदी बारीक आवाजात विचारलं, “आणि मी गं?”

“मॅडम, तुम्ही जे जे बोलायचात ते पहिल्या दोन भागांत आहे. जसंच्या तसं. मला काही बनवावंच लागलं नाही.”

मॅडमचा चेहरा असा उजळला की खोलीतला दिवा मालवला असता तरी चाललं असतं. आणि मी लगेच बोटांवर हिशेब मांडला. पहिला भाग यांचा. दुसरा यांचा. तिसऱ्यातला मध्यंतराच्या आधीचा, चष्म्यासकटचा, तोही यांचाच. म्हणजे या बाईच्या वाट्याला अडीच सिनेमे, आणि माझ्या वाट्याला अर्धा. त्यातही शेवटी मला खाडीत टाकलेली.

मॅडमनी तेलाची वाटी उचलली आणि पोरीचा पट्टा सोडायला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं.

“सरका मॅडम. कंबर मध्यंतरानंतर गेलीय. ती माझ्या भागातली.”

सतरंजीत तोंड खुपसलेली पोर हसायला लागली, हसताना कंबर दुखली म्हणून विव्हळली, आणि विव्हळता विव्हळता हसत राहिली. मॅडमनी वाटी माझ्याकडे सरकवली, थोडं तेल मात्र आधी स्वतःच्या तळहातावर ओतून घेतलं. मी त्यांना खांदे दिले. खांदे पहिल्या भागातले आहेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मानेवरून अजून आमचं ठरायचंय.